पांढरी, पण लाकूड दिसेल अशी

मनीचं लग्न मोडलं आणि ती दोन बॅगा घेऊन माहेरी परत आली, त्या वर्षीची ही गोष्ट. त्याच वर्षी दादाने शेवटची गिटार केली.

मनी ही दादाची एकुलती एक मुलगी. लहानपणी मांजरासारखी मिळेल त्या खोक्यात शिरून झोपायची, म्हणून मनी. आता अडतिशीला आली तरी घरात तेच नाव. परत आली तेव्हा बॅगांत कपडे होते, कागदपत्रं होती आणि एक टेबललॅम्प होता. तिच्या आईने त्या दिव्याकडे बघून विचारलं, "एवढ्या वर्षांच्या संसारातून हा दिवा आणलास?"

"तेवढी एकच वस्तू माझ्या पसंतीची होती," मनी म्हणाली.

"आणि गिटार?" दादाने विचारलं.

"तिकडेच राहिली. आणायला जायचं म्हणजे त्या दाराची बेल वाजवावी लागेल. मला नाही वाजवायची."

"मग दुसरी करू," दादा म्हणाला. चहा सांडला तर दुसरा टाकू, अशा सुरात.

डॉक्टरांनी दादाला कामाचा बाक सोडायला सांगून तेव्हा चार महिने झाले होते. पंचावन्न वर्षं त्याने गिटारी घडवल्या आणि पंचावन्न वर्षांचा भुसा त्याच्या छातीत जाऊन बसला. दोन खोल्या चालला की धाप लागायची. मागच्या खोलीत त्याच्या पलंगाशेजारी हवेचं यंत्र घरघरत असायचं आणि त्याची बाकापर्यंत पुरेल एवढी लांब नळी नाकाला. जड काम बंद, असं डॉक्टर म्हणाले होते. दादा म्हणाला होता, "गिटार हलकी असते."

त्याच्या बाकाखाली एक फळी तीस वर्षं पडून होती. फिकट, हलकी, विंचरलेल्या केसांसारख्या सरळ रेषांची. कुणी गिऱ्हाइकाने मागितली की दादा सांगायचा, अजून ओली आहे. तीस वर्षं ती ओलीच होती. मनी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी दादाने ती बाहेर काढून पुसली आणि मनीला बोलावलं.

"रंग कुठला पाहिजे?"

"पांढरा."

"पांढरी गिटार मळेल गं," वहिनी म्हणजे मनीची आई आतून ओरडल्या. त्यांना भिंतीपलीकडचंही सगळं ऐकू यायचं.

"पांढरी करा बाबा, पण रंग फासल्यासारखी नको. आतलं लाकूड दिसलं पाहिजे. कागद ओला झाला की मागच्या बाजूची अक्षरं दिसतात ना, तशी. तिकडे सगळं चॉकलेटी होतं. दारं, कपाटं, जेवणाचं टेबल. मला आता कुठलाही चॉकलेटी लाकडी तुकडा बघवत नाही."

हे सगळं धाकटा दारात उभा राहून ऐकत होता. धाकटा म्हणजे दादाचा भाऊ, वय वर्षं सहासष्ट. लग्न केलं नाही, घराला लागूनच असलेल्या गिटारींच्या कारखान्यावरच्या खोलीत राहायचा, जेवायला खाली यायचा. दादाने घडवायची आणि धाकट्याने पॉलिश करायची, हे त्यांचे वडील गेल्यापासून चालत आलेलं. दादाच्या एकाही गिटारीच्या पॉलिशला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नव्हता.

पांढरं म्हणजे काय, ते धाकट्याला ठाऊक होतं. मधाच्या रंगाचं पॉलिश माणसाच्या चुका पोटात घालतं, तांबडं निम्म्या घालतं, पांढरं एकही घालत नाही. बोटाचा घाम लागला तरी त्यात दिसतो. शिवाय ते दोन्हीकडून फसवतं. कमी पडलं तर लाकडाला बुरशी आल्यासारखं वाटतं आणि जास्त झालं तर फ्रिजचं दार. या दोहोंच्या मध्ये केसाएवढी जागा असते, आणि तिथे कधी थांबायचं ते फक्त डोळा सांगतो.

आणि त्याचे डोळे बिघडले होते. दीड वर्षापासून समोर कुणी दुधाची रिकामी पिशवी धरल्यासारखं धुरकट दिसायचं. बल्बभोवती कडं दिसायचं. त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. वहिनींना कळलं असतं तर त्यांनी हाताला धरून डॉक्टरकडे नेलं असतं. मग मोतीबिंदू, मग ऑपरेशन, मग महिनाभर धूळ नाही, स्पिरिट नाही. तोवर ही गिटार फर्निचरच्या कारखान्यातल्या स्प्रेवाल्याकडे गेली असती. तो स्प्रेवाला शवपेट्यांना आणि पाळण्यांना एकाच दिवशी एकाच नळीने रंग मारायचा.

धुरकट दिसतं हे धाकट्याला माहीत होतं. पिवळंही दिसतं, हे मात्र त्याला कळलं नव्हतं. मोतीबिंदू पिकला की जगाला पिवळट झाक येते, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. शर्ट पिवळट दिसला की तो वहिनींच्या साबणाला नावं ठेवायचा. त्यावरून मध्यंतरी वाजलंही होतं.

"वहिनी, साबण बदलला का? शर्ट बघा कसा झालाय."

"साबण तोच आहे, भाऊजी. अंगातला माणूस जुना झालाय."

पण वहिनींना ते लागलं होतं. तेव्हापासून त्या धाकट्याच्या शर्टांना सढळ हाताने नीळ घालायच्या, आणि धाकट्याला ते शर्ट पांढरेशुभ्र वाटायचे.

गिटार घडवायला दादाला तीन महिने लागले. पूर्वी पाच आठवडे लागायचे. सकाळी तासभर काम, मग पलंग, दुपारी अर्धा तास, मग पलंग. शेवटी शेवटी तर मनी नळी धरून उभी राहायची आणि दादा रंधा मारायचा. वरची फळी त्याने इतकी पातळ केली की उजेडापुढे धरली तर बोटांची सावली पलीकडून दिसायची. मग एका सोमवारी त्याने ती कोरी गिटार धाकट्याच्या बाकावर आणून ठेवली आणि खुर्चीवर बसून बराच वेळ नुसता श्वास घेतला.

"घे. माझं झालं."

धाकट्याने पाठीवरून, कडांवरून बोटं फिरवली. बोटांना सगळं कळत होतं. "हात अजून आहे तुझा, दादा."

"हात आहे. छाती नाही." दादाने नळी नीट केली. "हे बघ, मला ही वाजताना ऐकायची आहे. बस्स, बाकी काही नको. पोरीला पांढरी पाहिजे, तर पांढरी कर. पण लवकर कर."

"किती लवकर?"

"तुझ्या नेहमीच्या वेळेच्या निम्मी."

त्यानंतर दादा पुन्हा कारखान्यात आला नाही.

या घरात एक रीत होती, त्यांच्या वडिलांनी घालून दिलेली. पॉलिश पुरं होईपर्यंत दुसऱ्या कुणी ते बघायचं नाही. बघणाऱ्याच्या तोंडावरचा भाव बघून पॉलिशवाल्याचा हात बिघडतो, असं वडील म्हणायचे. म्हणून धाकट्याच्या बाकापुढे जाड पडदा होता. तो सरकवण्याची हिंमत वहिनींनीही चाळीस वर्षांत केली नव्हती, आणि वहिनींनी काय काय केलं नव्हतं!

पडद्यामागे धाकट्याने काम सुरू केलं. पॉलिशची रोजची लाख मधाच्या रंगाची असते, ती पांढऱ्याला चालत नाही. त्याने धुऊन पांढरी केलेली लाख मागवली, ती स्पिरिटमध्ये विरघळवली आणि तिचे दोन पातळ हात देऊन लाकडाची भोकं बुजवली. मग वाटीभर लाखेत चिमूटभर सफेदा, म्हणजे पांढऱ्या रंगाची पूड, घालून फडक्याच्या बोळ्याने पहिला हात दिला. सुकू दिला, बारीक कागदाने घासला, दुसरा हात दिला. रंगवायचं नाही, नुसता श्वास सोडायचा, असं हे काम.

तिसऱ्या हाताला त्याच्या लक्षात आलं की रंग पिवळा पडतोय.

त्याने उरलेल्या लाकडाच्या पट्ट्यांवर नमुने केले. तेही पिवळट. लाख जुनी निघाली, असं त्याला वाटलं. व्यापाऱ्याच्या नावाने चार शिव्या हासडून त्याने दुसरीकडून नवी आणवली. तीही पिवळट. मग त्याने बल्ब बदलला, मग खिडकी धुतली. मग एका सकाळी वहिनी नसताना न्हाणीघरातून निळीची पुडी घेऊन आला. शर्ट पांढरे होतात, तर लाख का नाही होणार? सुईच्या टोकावर येईल एवढी नीळ त्याने वाटीत घातली. थोडा फरक पडला. मग आणखी एक टोक. पुढच्या हाताला आणखी.

"भाऊजी, माझी नीळ कोण खातंय?" वहिनींनी जेवताना विचारलं.

"उंदीर असेल."

"उंदीर असता तर एव्हाना निळा होऊन फिरताना दिसला असता."

दादा पलंगावरून रोज विचारायचा. "माझं काम आवाज करतं," तो म्हणायचा. "रंधा, कानस, पटाशी, सगळं इथवर ऐकू यायचं. तुझं काम मुकं. म्हणून विचारावं लागतं. कुठवर आलं?"

"पाचवा हात."

"लाकूड दिसतंय ना?"

"दिसतंय."

"मग थांब की."

"दोन हात अजून. मग वरचं साफ पॉलिश."

मनी पडद्याबाहेर घुटमळायची. एकदा म्हणाली, "काका, मी एका डोळ्याने डोकावू का? एकाच." धाकट्याने तिला हसून परत पाठवलं. ती डोकावली असती तर ही गोष्ट तिथेच वेगळी झाली असती.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी गिटार झाली. हात फिरवला की काचेवरून फिरवल्यासारखा. धाकट्याच्या डोळ्यांना ती दुधाळ पांढरी दिसत होती आणि तिच्यातून लाकडाच्या रेषा वर येत होत्या, अगदी मनी म्हणाली होती तशा. अजून घोडी चिकटवायची होती. घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, ती पॉलिश झाल्यावरच लावायची असते. घोडीचा सरस वाळायला दोन दिवस, मग तारा. तीन दिवसांत गिटार वाजणार होती.

त्याने ती चादरीत गुंडाळून मागच्या खोलीत नेली आणि दादाच्या पायांवर ठेवून चादर काढली.

खोलीत यंत्राची घरघर तेवढी चालू होती. दादा बराच वेळ बघत राहिला. मग त्याने मनीकडे बघितलं. मनीने त्याच्याकडे बघितलं. वहिनींनी तोंड उघडलं, तोच दादा म्हणाला, "पाणी दे गं जरा." वहिनी पाणी आणायला गेल्या.

"रेष न् रेष दिसतेय," दादा म्हणाला. "एकही पुसली नाहीस."

"छान झालीय, काका," मनी म्हणाली. "खरंच."

धाकट्याला हायसं वाटलं. दीड वर्षात पहिल्यांदा त्याला वाटलं, की डोळे काय, धुरकट तर धुरकट. काम तर झालं.

"उद्या घोडी लाव," दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तारवाला आला. तारा आणि खुंट्या आणून देणारा हा माणूस धाकट्याचा जुना दोस्त. तोंडाने मोकळा आणि मनाने त्याहून मोकळा. पडदा बाजूला होता, गिटार बाकावर होती आणि शेजारी घोडी चिकटेपर्यंत दाबून धरणारे शिकंजे मांडून ठेवले होते.

"अरे वा! निळी! मला तर कुणी पांढरी सांगितली होती."

"पांढरीच आहे."

"हो, आणि मी नवरदेव आहे. अरे, तुझा हा शर्ट आणि ही गिटार, दोघं एकाच आईची लेकरं वाटतायत. बँडमध्ये जाणार आहेस काय?"

धाकटा हसला. मग त्याने तारवाल्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि हसू तिथेच थांबलं. तारवाला चेष्टा करत होता ती शर्टाची. गिटारीच्या निळ्याबद्दल तो चेष्टा करत नव्हता.

"मी काही चुकीचं बोललो का?"

"नाही. तारा ठेव आणि जा."

तो गेल्यावर धाकटा गिटार घेऊन अंगणात गेला. स्वयंपाकघरातून चहाची बशी आणली आणि उन्हात दोन्ही शेजारी ठेवल्या. त्याला गिटार बशीपेक्षा पांढरी दिसत होती. त्याने मनीला हाक मारली.

"ही बशी कुठल्या रंगाची?"

"पांढरी."

"आणि गिटार?"

मनीने बशी उचलून पुन्हा जागेवर ठेवली.

"मनी, मी रंग विचारला."

"मला आवडलीय, काका."

"आवडली का, हे नाही विचारलं."

"थोडी निळसर आहे."

"थोडी म्हणजे किती?"

तिने बशीकडे बघितलं, त्याच्या शर्टाकडे बघितलं आणि मान खाली घातली. "नीळ जास्त झालेल्या चादरीसारखी. पण काका, मला खरंच चालेल."

"दादाला दिसलं?"

"बाबांनीच सांगितलं. काकाला एक शब्द बोलायचा नाही म्हणून."

धाकटा तसाच मागच्या खोलीत गेला. दादा उशांना टेकून बसला होता. भावाचा चेहरा बघून त्याला सगळं कळलं.

"कुणी सांगितलं? तारवाल्याने? त्याची जीभ कानशीने घासायला पाहिजे."

"तू का नाही सांगितलंस?"

"डोळे गेल्याचं तू मला सांगितलंस?"

"गेले नाहीत. धुरकट झालेत."

"बरं, धुरकट." दादाला खोकला आला. धाकट्याने पाण्याचा पेला पुढे केला. "हे बघ, रंग कानाला दिसत नाही. घोडी लाव, तारा चढव आणि पोरीला वाजवू दे. पुढे तुझे डोळे नीट झाले की तासून पुन्हा कर. दहादा कर. मी काय म्हणणारे तेव्हा?"

"आठ दिवस दे मला."

"माझ्याकडे असते तर दिले असते रे."

धाकटा "बरं" म्हणाला. तो खरंच घोडी लावायच्या इराद्याने बाकाशी आला. सरस गरम करायला ठेवला. मग गिटारीकडे बघत बसला. त्याला ती अजूनही पांढरीच दिसत होती, आणि तेच सहन होत नव्हतं. पंचेचाळीस वर्षांत लोकांनी त्याच्या कामाला चांगलं म्हटलं, वाईट म्हटलं, घासाघीस केली. पण कीव येऊन चांगलं म्हटलं, असं कधी झालं नव्हतं. आणि ते म्हटलं दादाने. रेष न् रेष दिसतेय, म्हणाला. रंगाबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि आपण मूर्खासारखे खूश होऊन आलो.

मनी औषधाच्या दुकानात गेली होती. वहिनी दादाचं अंग पुसत होत्या. धाकट्याने सरसाखालचा गॅस बंद केला, स्पिरिटचा डबा काढला, फडकं चिंब भिजवलं आणि गिटारीच्या पोटावर ठेवलं.

लाख स्पिरिटने चढते आणि स्पिरिटनेच उतरते. चार आठवड्यांचं काम तासाभरात फडक्यांवर आलं.

मनी परत आली तेव्हा बाकावर ओली, डागाळलेली, भिजल्या पक्ष्यासारखी गिटार पडली होती. तिच्या हातातली औषधाची पिशवी खाली आपटली.

"काय केलंत हे? काका, काय केलंत!"

"आठ दिवस लागतील."

"बाबांना काय सांगू?"

"सांग, घोडीचा सरस वाळतोय."

"मी नाही सांगणार. तुम्हीच सांगा. तुमच्या तोंडाने सांगा." ती स्टुलावर बसली आणि दोन्ही हातांत तोंड झाकून घेतलं. धाकटा फडकं पिळत उभा राहिला. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले, पडदा कड्यांसकट ओढून काढला आणि कोपऱ्यात फेकला. "आता मिश्रण मी बघणार. मी थांब म्हटलं की थांबायचं. आजोबांची रीत गेली खड्ड्यात."

"बरं," धाकटा म्हणाला.

वरची लाख उतरली, पण नीळ लाकडाच्या भोकांत जाऊन बसली होती. ती काढायला दोन दिवस गेले. पोलादी पातीने खरवडायचं, तेही जपून, कारण दादाने फळी पातळ केलेली. जरा हात चुकला असता तर आरपार भोक पडलं असतं. मनी डोळे बारीक करून सांगायची, "इथे अजून आहे. इथे गेली." तिसऱ्या दिवशी लाख. चौथ्या दिवशी सफेद्याचा पहिला हात. या वेळी मनीने वाटीत डोकावून चिमूट मोजली आणि म्हणाली, "बस्स." धाकट्याला ते मिश्रण जुन्या लोण्यासारखं पिवळं दिसत होतं. त्याने काही न बोलता बोळा बुडवला.

रोज सकाळी दादा विचारायचा, "सरस वाळला?"

"वाळतोय."

दुसऱ्या दिवशी विचारलं, "वाळला?" तिसऱ्या दिवशी विचारलं. चौथ्या दिवशी म्हणाला, "हवा तर कोरडी आहे." पाचव्या दिवशी डॉक्टर येऊन गेले, यंत्राचा काटा वाढवून गेले आणि वहिनींशी दारात हळू आवाजात बोलले. वहिनी आत येऊन भांडी घासायला बसल्या. घासलेलीच भांडी त्या पुन्हा घासत होत्या.

"भाऊजी," त्या पाठमोऱ्या म्हणाल्या, "ते काहीही करा, पण आज वाजवा."

"आज नाही होणार, वहिनी."

"मग कधी?"

धाकटा बाकाकडे परत गेला आणि बोळा हातात घेतला.

संध्याकाळी तो दादाजवळ जाऊन बसला. दादाचे डोळे मिटलेले होते. झोपला असेल, असं धाकट्याला वाटलं.

"सरसाला स्पिरिटचा वास कधीपासून यायला लागला रे?" दादाने डोळे न उघडता विचारलं.

धाकट्याने आपली बोटं नाकाशी नेली.

"नाकात नळी आहे, म्हणून वास येत नाही असं वाटलं तुला? पहिल्याच दिवशी आला." दादा दर तीन शब्दांनंतर थांबत होता. "किती हात झाले?"

"सफेद्याचे दोन. दुसरा आत्ताच दिला."

"किती राहिले?"

"दोन. मग वरचे साफ."

"मनी बघतेय ना?"

"तीच बघतेय."

"एखादी तार तरी चढव."

"घोडी नाही लावली, दादा. तार कशावर टेकवू?"

दादाने डोळे उघडले. "मग नुसती आण इथे. टिचकी मारून ऐकतो. मला तेवढ्यात कळेल, आवाज कसा आहे ते."

धाकटा उठला. दारापर्यंत गेला. तिथून त्याला बाकावरची गिटार दिसत होती, दिव्याखाली, ओली. तो परत फिरला.

"हात ओला आहे. आत्ता लागलं तर बोट उठेल. सकाळी आणतो, सुकल्यावर."

दादाने चादरीबाहेर काढलेला हात पुन्हा आत घेतला. "बरं," म्हणाला.

सकाळी हात सुकला होता. धाकट्याने तो बारीक कागदाने घासला. मनीने येऊन सांगितलं, काका, बाबांना बरं वाटत नाहीये. धाकटा म्हणाला, एवढा तिसरा हात देतो आणि आलोच, मध्ये थांबलं तर पट्टे पडतील. ते खरंही होतं. अर्ध्यात थांबलं तर पट्टे पडतात. त्याने पाठ पुरी केली, बाजू पुऱ्या केल्या, पोट निम्मं केलं, तेवढ्यात मागच्या खोलीतलं यंत्र बंद झाल्याचं त्याच्या लक्षात आलं. कुणीतरी बटण दाबून बंद केलं होतं.

त्या वेळी पोटावर पडलेला पट्टा नंतर घासून काढावा लागला.

गिटार पुढच्या महिन्यात पुरी झाली. ती पांढरी आहे आणि तिच्यातलं लाकूड दिसतं, ओल्या कागदामागच्या अक्षरांसारखं. तारवाला बघायला आला तेव्हा त्याने टोपी काढली आणि चहा न घेता निघून गेला. मनी ती वाजवते, पण धाकटा घरात नसताना. तसं तिने कधी सांगितलं नाही, धाकट्यानेही विचारलं नाही. तो मोतीबिंदू काढून घरी आला त्या दिवशी वहिनींनी त्याच्या डोळ्यावरची पट्टी सोडली आणि त्याने पहिल्यांदा स्वतःचा शर्ट बघितला. मग गिटार बघितली. तिच्यात त्याला एकही खोट सापडली नाही. तो शोधत होता.

तारवाल्याने जाताना एकदा विचारलं होतं, आवाज कसा आहे रे? धाकट्याने सांगितलं, चांगला असणार. लाकूड तीस वर्षं मुरलेलं आहे.

दादा गेला तो बुधवार होता, महिन्याची अकरा तारीख, सकाळचे सव्वादहा. वय बहात्तर वर्षं. जवळ वहिनी आणि मनी होत्या.